घराचा रंग जोत्यापासून

गोंदिया जिल्ह्यात घराला बाहेरून रंग द्यायचा विषय बहुधा धान घरात यायला लागला की निघतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली असते आणि कोणीतरी दुकानातून शेडकार्ड घेऊन येतं. मग दोन-चार संध्याकाळी घरातली मंडळी त्या चिटुकल्या चौकोनांवर बोट ठेवून भांडतात. मुलीला राखाडी हवा असतो, आजोबांना पिवळा. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या घराचा फोटो पेंटरला दाखवून "असंच करून द्या" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

शेडकार्ड हातात घ्यायची वेळ खरं तर बरीच नंतर येते. त्याआधी आपलं घर नीट बघायला हवं, आणि बघायची सुरुवात खालून करावी. आधी जोतं, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उंचवटा. मग भिंती, मग छज्जे आणि पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा. ज्या एका ठळक रंगासाठी घरात भांडण होतं, तो सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की पहिल्याच पावसाळ्यानंतर नवा रंग जुना दिसायला लागतो.

पहिली फेरी पावसाळा संपता संपता मारावी. जुना रंग कुठे हरला हे तेव्हा भिंतीवर उघड दिसतं. जोत्यावर आणि त्याच्या वर फूट-दीड फुटापर्यंत चिखलाच्या शिंतोड्यांची पट्टी असते. खिडकीवरच्या छज्ज्याच्या दोन्ही टोकांपासून मिशांसारखे दोन काळे ओघळ खाली उतरलेले असतात. पॅरापेटच्या माथ्याखाली काळपट डाग असतात. ज्या भिंतीला ऊन कमी मिळतं तिथे हिरवं शेवाळ धरलेलं असतं, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा रंग बाकीच्या घरापेक्षा एक-दोन छटा फिका पडलेला असतो. चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. रंग निवडताना शेजाऱ्याच्या घराच्या फोटोपेक्षा हेच जास्त उपयोगी पडतात.

आपल्याकडचं हवामान रंगाला सोपं नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात गोंदिया शहराजवळ घर असेल तर राईस मिलचा बारीक कोंडा, आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिलची भट्टी जवळ असेल तर काळी राखही भिंतीवर येऊन बसते. पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत शोभणारं शुभ्र पांढरं घर इथे दोन वर्षं तरी तसं राहील का, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

आता भिंतीची तब्येत. रंगाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण रंग आवडला नाही म्हणून होणाऱ्या तक्रारींपेक्षा रंग टिकला नाही म्हणून होणाऱ्या तक्रारी कितीतरी जास्त असतात.

ओल तपासायची एक साधी युक्ती आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा प्लास्टिकचा कागद घ्यावा, चारही कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत गडद झालेली दिसली, तर भिंतीत अजून ओल आहे. अशा भिंतीवर कितीही भारी रंग मारला तरी आतलं पाणी बाहेर येताना तो फुगतो आणि पोपडे निघतात. दिवाळीच्या रंगाचं हेच दुखणं आहे. विदर्भातून पाऊस ऑक्टोबरात काढता पाय घेतो, आणि दिवाळी त्याच महिन्यात किंवा पुढच्याच महिन्यात असते. पावसाचं पाणी प्यालेल्या भिंती इतक्या लवकर वाळत नाहीत. माझं मत विचाराल तर दिवाळीला छपरीपुरता आणि दर्शनी दारापुरता रंग द्यावा, आणि उरलेलं घर डिसेंबर-जानेवारीत काढावं. तोवर भारी धानही विकला गेलेला असतो, हातात चार पैसे असतात आणि पेंटरही मोकळे असतात.

दुसरी तपासणी हाताची. कोरडा तळवा भिंतीवर घासावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो जुना चुना किंवा सिमेंट पेंट सुटतो आहे. तो ब्रशनं खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर मारावा. प्रायमर म्हणजे रंगाच्या खालचा पहिला हात, जो भिंत आणि रंग यांना धरून ठेवतो. भुकटीवर मारलेला रंग भुकटीसकट निघून येतो. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं किंवा दुकानात मिळणाऱ्या बुरशीनाशकानं धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, पुन्हा साध्या पाण्यानं धुवावं. नुसतं खरवडलं तर ते नव्या रंगाखालून वर येतं. जुनं घर असेल आणि दारं-ग्रीलवर ऑइलपेंटचे थरावर थर असतील, तर ते खरवडताना नाकातोंडाला फडकं बांधावं आणि लहान मुलांना दूर ठेवावं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासूनचा आहे.

नवं बांधकाम असेल तर प्लॅस्टर झाल्यावर निदान 28 दिवस थांबावं. ताज्या सिमेंटमधला क्षार कडक असतो. तो रंगातल्या रंगद्रव्यावर हल्ला करतो आणि भिंतीवर फिकट चट्टे उठतात. गृहप्रवेशाची तारीख आधी आणि प्लॅस्टर नंतर, अशी घाई झालेल्या घरात हे चट्टे हमखास दिसतात.

पुट्टीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. पुट्टी म्हणजे भिंत गुळगुळीत करणारं पांढऱ्या सिमेंटचं लिंपण. पेंटर म्हणेल, "भाऊ, पुट्टी मारली का सगळं झाकून जाते." झाकलं जातं हे खरं, पण ओल आणि भेगा तिथेच राहतात. बाहेरच्या भिंतीवर खड्डे आणि बारीक भेगा भरण्यापुरती पुट्टी पुरे. अख्खं घर आरशासारखं करायची हौस आतल्या खोल्यांत भागवावी.

मातीच्या भिंतींचं गणित वेगळं आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत अजून मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेली घरं भरपूर आहेत. अशा भिंतीला बाहेरचं ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा पाण्याचा रंग, मारू नये. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. पापुद्र्यानं तिचा श्वास कोंडला की मातीच्या थरासकट रंग गळून पडतो. छुई माती, चुना, चुन्यात थोडी नीळ, खाली गेरूचा किंवा काळा पट्टा ही आपल्या आज्यांची रीत अशा भिंतीला आजही सगळ्यांत योग्य आहे. ती दरवर्षी करावी लागते, हे खरं. पण तिला लागणारा पैसा आणि इमल्शनचा एक डबा यांची तुलना करून बघावी.

त्या रीतीत रंगसंगतीचा धडाही आहे. वर फिकट, खाली गडद. खालचा पट्टा शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं, पण तो शिंतोडे लपवायला आहे. सिमेंटच्या घरात आपण तो विसरलो आणि जोत्यापर्यंत क्रीम रंग उतरवला. म्हणून पहिल्या पावसात घराच्या पायाशी चिखलाची पट्टी उठते.

तर निवडीची पहिली पायरी जोतं. त्याचा रंग अंगणातल्या मातीकडे बघून ठरवावा. आपल्याकडे मातीला नावं आहेत: कन्हार काळी आणि चिकट, मोरांड तिच्याहून हलकी, सिहार पिवळसर आणि रेताड. अंगणातली मूठभर माती घ्यावी, भिजवून एखाद्या पुठ्ठ्यावर फासावी आणि वाळू द्यावी. शिंतोडे वाळल्यावर भिंतीवर दिसतात तो हाच रंग. शेडकार्डातला जो रंग त्याच्या सगळ्यांत जवळचा आणि त्याहून थोडा गडद असेल, तो जोत्याला द्यावा. सिहार असेल तर मातकट तपकिरी, कन्हार असेल तर कोळशाकडे झुकणारा राखाडी, अंगणात मुरूम टाकला असेल तर विटकरी. पट्टा जोत्याच्या कडेला थांबवायचा की वर आणखी फूटभर न्यायचा, हे पहिल्या फेरीत दिसलेल्या शिंतोड्यांच्या उंचीवरून ठरतं. घराभोवती फरशी किंवा काँक्रीट असेल तर शिंतोडे कमी उडतात आणि ही चिंता बरीच मिटते.

दुसरी पायरी: जे बदलणार नाही त्याची यादी. कवेलूचं किंवा टिनाचं छप्पर, दर्शनी भागावर लावलेल्या टाइल्स, पायऱ्यांचा ग्रॅनाइट, सागवानी दार, वॉल कंपाउंडचं फाटक. हे रंग आधीच ठरलेले आहेत आणि भिंतीचा रंग त्यांच्याशी जुळायला हवा. गडबड बहुतेक वेळा इथेच होते. समोर लालसर दगडी टाइल्स लावलेल्या असतात आणि भिंतीला मात्र निळसर राखाडी येतो. दोन्ही वेगवेगळे चांगले असतात, शेजारी आले की दोन्ही मळके दिसतात.

याचं कारण रंगाच्या पोटात दडलेली झाक. राखाडी नुसता राखाडी नसतो. कुणात निळ्याची झाक असते, कुणात हिरव्याची, कुणात तांबड्याची. पांढऱ्याचंही तसंच. ही झाक एकट्या चौकोनात दिसत नाही. ती बघायला छापायचा कोरा पांढरा कागद घ्यावा, शेडकार्डातला रंग त्यावर ठेवावा आणि शेजारी आपली टाइल किंवा कवेलूचा तुकडा ठेवावा. झाक लगेच बाहेर येते. कवेलू, वीट, लाकूड, तांबूस दगड यांच्यासोबत पिवळट-तांबूस झाकेचे रंग बसतात. काळा ग्रॅनाइट, स्टीलची रेलिंग, निळं किंवा राखाडी टिन यांच्यासोबत थंड झाकेचे.

आता भिंतीचा मुख्य रंग. घराच्या अर्ध्याहून जास्त भागावर हाच असणार. इथे परावर्तन मूल्य नावाचा एक आकडा उपयोगी पडतो. रंगावर पडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा तो परत फेकतो, हे तो आकडा सांगतो. काळ्याचा शून्याजवळ, शुभ्र पांढऱ्याचा शंभराकडे झुकलेला. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीत रंगाच्या कोडसोबत हा आकडा असतो, नसेल तर दुकानदाराला विचारावा. आपल्या उन्हात मुख्य रंग 55-60 च्या वरचा असावा. गडद भिंत ऊन पिते, ती उष्णता संध्याकाळभर आतल्या खोलीत सोडते, आणि भिंत तापून-निवून रंगाला बारीक भेगाही लवकर जातात.

पण 85 च्या वरही जाऊ नये असं मला वाटतं. कोंडा, राख आणि पावसाचे ओघळ यांची चुगली शुभ्र पांढरा सगळ्यात आधी करतो. फिकट बदामी, ताकासारखा पांढरा, वाळल्या तणसाचा पिवळा, फिकट मातकट राखाडी हे मधले रंग इथल्या धुळीशी जमवून घेतात.

ठळक रंगांनी नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या भागात पोपटी, जांभळी, गुलाबी घरं मोठ्या हौसेनं रंगवली जातात आणि रंगवल्या दिवशी ती छानच दिसतात. अडचण आहे ती रंगद्रव्याची. झगमगीत लाल, जांभळा, गुलाबी, लिंबासारखा पिवळा यांतली बरीच रंगद्रव्यं उन्हात विरतात. गेरू, पिवळी माती, विटकरी, मातकट तपकिरी यांत लोहाचं ऑक्साइड असतं, आणि ते उन्हाला सहजी दाद देत नाही. त्यामुळे भडक जांभळ्याची पश्चिम भिंत दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, गेरूची भिंत बऱ्यापैकी तशीच राहते. ठळक रंग हवाच असेल तर या दुसऱ्या कुळातला घ्यावा. दुकानात "हा शेड बाहेर चालतो का" हे विचारावं, कारण काही छटा फक्त आतल्या भिंतींसाठी असतात.

घराच्या आजूबाजूचंही बघावं. गावात, बांधीच्या काठाला घर असेल तर त्याची पार्श्वभूमी वर्षातून तीनदा बदलते: पावसाळ्यात हिरवा धान, कापणीनंतर पिवळं तणस, उन्हाळ्यात करडी ढेकळं. हिरवं घर श्रावणात शेतात हरवून जातं आणि मे महिन्यात एकटं पडतं. फिकट पिवळा, गेरूकडे झुकणारा किंवा निळसर पांढरा हे तिन्ही ऋतूंत उठून दिसतात. चुन्यात नीळ घालणाऱ्या बायांना हे शेडकार्ड न बघता कळलं होतं.

तिसरा रंग साथीचा. तो छज्जे, खिडक्यांचे काठ, खांब आणि पॅरापेटची पट्टी यांवर जातो. सर्वांत सोपी रीत म्हणजे मुख्य रंगाच्याच शेडकार्डाच्या पट्टीवर दोन-तीन घरं खाली यावं. बदामी भिंत असेल तर खालचा मातकट तपकिरी. एकाच कुळातले असल्यानं ते भांडत नाहीत. दुसरी रीत मुख्य रंगाहून फिकट, जवळजवळ पांढरा साथीदार घेण्याची. ती भिंत मध्यम रंगाची असली तर चांगली दिसते. मात्र पॅरापेटच्या माथ्याला आणि छज्ज्याच्या कडेला पांढरा देऊ नये, कारण काळे ओघळ तिथूनच सुरू होतात.

आणि ओघळ हा मुळात मिस्त्रीचा प्रश्न आहे, रंगाचा नाही. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, एक बारीक खाच असली की पाणी तिथे तुटून खाली पडतं, भिंतीकडे वळत नाही. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला, म्हणजे गच्चीकडे, उतार हवा. जुन्या घरातही रंगाच्या आधी ही दोन कामं एखाद-दोन दिवसांत होतात. त्यांचा खर्च रंगाच्या मानानं किरकोळ असतो, पण पेंटर ती सुचवत नाही आणि मिस्त्रीला कोणी बोलावत नाही.

ठळक रंगाची जागा ठरवायला एक नेम लक्षात ठेवावा: गडद रंग सावलीत. छपरीच्या आतली भिंत, मुख्य दाराभोवतीची चौकट, पोर्चमधला एखादा खांब. तिथे ऊन-पाऊस कमी लागतो, रंग टिकतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजरही तिथेच जाते. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर उभा मरून पट्टा ओढला तर खर्च तोच आणि सोबत फिकेपणही. जोतं, भिंत, साथीदार आणि हा ठळक मिळून रंग चारच्या पुढे जाऊ नयेत. साथीचा रंग जोत्याच्याच कुळातला घेतला तर घर आणखी बांधीव दिसतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल असेल, जे किमान 25 चौरस मीटरचं असतं, तर दोनच पुरेत: खाली गडद, वर फिकट, आणि दार-खिडक्या जोत्याच्या रंगात. छोट्या घराला जास्त पट्टे ओढले की ते आणखी छोटं दिसतं.

वास्तुशास्त्राप्रमाणे दिशेचा रंग बघायचा असेल तर जरूर बघावा. बहुतेक वेळा तिथे सांगितलेल्या रंगाची फिकट छटा घेऊन दोन्ही गोष्टी साधता येतात.

आता कुठे शेडकार्ड. त्यातून मुख्य रंगाचे तीन पर्याय काढावेत, त्याहून जास्त नको. मोबाइलवर घराचा फोटो टाकून रंग बदलून दाखवणारी ॲप असतात. कुठे कोणता पट्टा येईल हे बघायला ती चांगली, पण छटा ठरवायला अजिबात नाहीत. प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग वेगळा दाखवतो.

शेडकार्डातला चौकोन आणि भिंत यांतही मोठा फरक पडतो. इंचभर तुकड्यात शांत वाटणारा रंग दहा फुटी भिंतीवर जास्त बोलका होतो, आणि भर उन्हात फिका दिसतो. म्हणून नमुना लावल्याशिवाय डबे घेऊ नयेत. प्रत्येक पर्यायाचा लहानात लहान डबा आणावा. आधी भिंतीवर पांढरा प्रायमर मारावा, त्यावर तीन फूट बाय तीन फुटांचे चौकोन, दोन हात देऊन, मध्ये पांढरी जागा सोडून रंगवावेत. जुन्या निळ्या भिंतीवर थेट नमुना लावला तर निळा शेजार नव्या रंगाला उगाच पिवळा दाखवतो.

नमुने दोन ठिकाणी हवेत: एक उन्हाच्या भिंतीवर, एक सावलीच्या. सकाळी, दुपारी एकला, सूर्य मावळताना आणि रात्री बाहेरचा दिवा लावून बघावेत. रस्त्याच्या पलीकडे जाऊनही बघावेत, कारण घर बघणारे तिथूनच बघतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडलेला राखाडी सावलीतल्या भिंतीवर निळा दिसतो, ही गफलत इथेच पकडली जाते. दोन-तीन दिवस नमुने राहू द्यावेत. येणारे-जाणारे मतं देतीलच. ती ऐकावीत, पण नमुने दोनदा बदलू नयेत.

रंग ठरला की हिशेब. समजा, घर 25 बाय 30 फुटांचं आहे, जमिनीपासून पॅरापेटच्या माथ्यापर्यंत उंची 14 फूट. परीघ 110 फूट, म्हणजे भिंती 1540 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा करू नयेत, छज्जे आणि कोपरे ती जागा खातात. यातलं दोन फुटांचं जोतं 220 चौरस फूट, साथीचा रंग साधारण 170, उरले 1150. बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर, दोन हातांत, साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो, आणि भिंत खरबरीत असेल तर कमी. 50 धरले तर मुख्य रंगाचे 23 लिटर. म्हणजे 20 चा एक आणि 4 चा एक डबा, जोत्याला 4 लिटर आणि एक सुटा लिटर, साथीदाराला 4. हा हिशेब आपण स्वतः केला की ठेकेदाराच्या आकड्यावर शांतपणे बोलता येतं.

मुख्य रंगाचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मिसळून घ्यावेत, आणि वापरण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत. दोन वेळा मिसळलेल्या एकाच कोडच्या रंगात पुसटसा फरक राहू शकतो. तो बादलीत दिसत नाही, भिंतीच्या मधोमध मात्र दिसतो. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. त्याहून जास्त घातलं की रंग पसरतो छान, पण झाकतो कमी, आणि तिसरा हात मारावा लागतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले तास जाऊ द्यावेत.

काम वरून खाली चालतं: पॅरापेट, छज्जे, भिंती, शेवटी जोतं. म्हणजे निवडताना जे पहिलं होतं ते रंगवताना शेवटी येतं, आणि वरचे ठिपके जोत्याच्या गडद हाताखाली झाकले जातात. भिंत उन्हात तापलेली असताना ब्रश लावू नये. रंग ओला असतानाच सुकायला लागतो आणि जोडाचे पट्टे उमटतात. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, असं सावलीमागे फिरत काम करायला पेंटरला सांगावं. रोलरनं एक भिंत सुरू केली की ती कोपऱ्यापर्यंत नेऊनच जेवायला बसावं. अर्ध्यावर सोडलेला जोड जन्मभर दिसतो.

काम संपल्यावर प्रत्येक रंगाचं नाव, कोड, कंपनी, डब्याचा प्रकार आणि तारीख एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी. अर्धा-पाऊण लिटर रंग झाकण घट्ट लावून ठेवावा, पण टिनाखालच्या माळ्यावर नको, मेच्या उन्हात तो तिथे घट्ट होऊन वाया जातो. घरातल्या सर्वांत गार खोलीत, पलंगाखाली ठेवला तर पुढच्या पावसाळ्यानंतर जोत्यावरचे दोन-चार खरचटे बुजवायला तो उपयोगी पडतो. त्याच वेळी साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं छज्ज्यांखालची भिंत एकदा धुऊन घ्यावी.